पिवळ्या चिठ्ठ्या आणि अंगठा

भविष्याचा विचार रिकाम्या पोटी होत नाही, हे संगणकशास्त्रातल्या विद्वानांना फार पूर्वीच उमगलेलं आहे. 2007 च्या मार्चमध्ये मायक्रोसॉफ्ट रिसर्चनं 45 विद्वानांना स्पेनमध्ये, सेव्हिलजवळच्या सानलूकार ला मायोर या गावी बोलावलं. विषय असा, की 2020 साली माणसाचं आणि संगणकाचं कसं चाललेलं असेल. मुक्काम हासिएन्दा बेनासुसा नावाच्या जुन्या वाड्यातल्या हॉटेलात, आणि हॉटेलच्या पाटीवर 'एल बुली'चं नाव. एल बुली म्हणजे फेरान आद्रिया या बल्लवाचार्याचं तेव्हाचं जगप्रसिद्ध रेस्टॉरंट. तिथलं ऑलिव्ह दिसायला ऑलिव्ह, पण तोंडात टाकलं की त्याचं पाणी होई. आत काय आहे याचा पत्ता बाहेरून लागू द्यायचा नाही, हाच ज्या मंडळींचा धंदा, त्यांना याहून चांगला यजमान कुठे मिळणार?

मुहूर्तही कसा पाहा. जानेवारी 2007 मध्ये स्टीव्ह जॉब्जनं आयफोन जाहीर केला आणि जूनच्या अखेरीस तो विक्रीला आला. विद्वान बसले बरोबर मधल्या काळात. पुढची तेरा वर्षं ज्या वस्तूभोवती फिरणार होती, ती जाहीर झालेली. पण दुकानात जाऊन कुणी ती विकत घेतलेली नव्हती. हळदीला बसलेल्या नवरदेवाच्या संसाराबद्दल बोलावं, तसं ते बोलणं झालं असणार.

तरीही मंडळींनी काम चोख केलं, हे कबूल करायला हवं. 2008 साली 'बीइंग ह्युमन' नावाचा अहवाल निघाला. यंत्राचं पुरे झालं, आता माणसाकडे बघू या, असा त्याचा सूर. त्यात पाच बदल सांगितले होते. यंत्र कुठे संपतं आणि आपण कुठे सुरू होतो हे कळेनासं होईल, आपण यंत्रावर विसंबून राहू, सतत एकमेकांना जोडलेले असू, पूर्वी जे बोलता बोलता हवेत विरून जायचं ते सगळं साठून राहील आणि लोक स्वतःच नवनवीन गोष्टी करू लागतील. पाचही खरे ठरले. चौथ्याबद्दल शंका असेल, तर सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरीबद्दलचा मजकूर चुकून सेक्रेटरीसकट सगळ्यांना पाठवलेल्या गृहस्थांना विचारा. त्यांनी तो नंतर पुसला. पुसला, हेही सगळ्यांना दिसलं.

आणि मग खरोखरच 2020 साल उजाडलं. माणूस आणि संगणक यांच्या नात्याचा अभ्यास करणाऱ्या या क्षेत्राची सर्वात मोठी वार्षिक परिषद सीएचआय. तिचे वारकरी तिला 'काय' म्हणतात, आणि त्यात त्यांना काहीच गमतीचं वाटत नाही. त्या वर्षी ती एप्रिलमध्ये हवाई बेटांवर, होनोलुलूला व्हायची होती. रद्द झाली. ज्या वर्षाचा अंदाज बांधायला 45 जण स्पेनला जाऊन आले, त्या वर्षी कुणालाच कुठे जाता आलं नाही. सगळी मानवजात चौकोनांत बसली आणि माणसाचा संगणकाशी, संगणकामार्फत माणसाशी, आणि शेवटी भिंतीशी एकच संवाद सुरू झाला: 'आवाज येतोय का?' हे वाक्य सेव्हिलच्या कुठल्या कागदावर लिहिलेलं असेल असं मला वाटत नाही. तेरा वर्षं आधी ते लिहिणाऱ्याला हॉटेलमालकानंच बाहेर काढलं असतं.

जेवणाकडे दुर्लक्ष न करणारी आणखी एक जागा म्हणजे जर्मनीतलं श्लॉस डागश्टूल. झारलँड प्रांतातला हा छोटासा गढीवजा वाडा 1990 पासून संगणकशास्त्रज्ञांच्या चर्चासत्रांसाठी राखलेला आहे. निमंत्रणाशिवाय प्रवेश नाही, आणि आत गेल्यावर आठवडाभर सुटका नाही. तिथली एक पद्धत मला फार आवडते. जेवताना कोण कुणाशेजारी बसणार, हे नावांची सरमिसळ करून ठरतं. म्हणजे सकाळच्या सत्रात ज्याचं म्हणणं तुम्ही जाहीरपणे खोडून काढलंत, तोच दुपारी तुमच्याकडे सूपचं भांडं सरकवतो. जगभरच्या विद्वानांना एकत्र बोलतं करण्यासाठी संगणकशास्त्राला सापडलेला हा सर्वात खात्रीचा उपाय आहे, आणि त्याला वीज लागत नाही.

आपल्याकडच्या कार्यशाळा इतक्या ऐसपैस नसतात. पण सोवळं तेच. पुण्यातल्या एका हॉटेलात भरलेल्या अशाच एका कार्यशाळेला मला 'भाषेचा जाणकार' म्हणून बोलावलं होतं. सुरुवात ओळखीनं झाली. नाव सांगायचं, संस्था सांगायची आणि 'तुम्ही एखादं उपकरण असतात तर कोणतं असतात' तेही सांगायचं. बंगळुरूहून आलेली एक मुलगी म्हणाली, होकायंत्र. तिच्या शेजारचा म्हणाला, दुर्बीण. नागपूरचे एक प्राध्यापक म्हणाले, कूलर. एक ज्येष्ठ गृहस्थ बराच विचार करून 'व्होल्टेज स्टॅबिलायझर' म्हणाले. ते विभागप्रमुख निघाले.

मग आल्या चिठ्ठ्या. पिवळ्या, गुलाबी, पोपटी. मागे जरासा चिकटपणा असलेल्या. माणूस आणि संगणक यांच्या भविष्यावर जगात कुठेही चर्चा होवो, ती कागदाच्या चिठ्ठ्यांवर स्केचपेननंच होते. नियम दोन. एका चिठ्ठीवर एकच विचार लिहायचा, आणि कुठलाही विचार चुकीचा नसतो. दुसरा नियम ऐकल्यावर विचारांना जो ऊत येतो, तो बघण्यासारखा असतो. अर्ध्या तासात समोरची भिंत भरून गेली. मग एकासारखी एक चिठ्ठी शोधून त्यांचे गट पाडायचे. ही पद्धत जिरो कावाकिता या जपानी मानवशास्त्रज्ञाची. हिमालयातल्या वस्त्यांत हिंडून गोळा केलेल्या टिपणांचा डोंगर उपसायला तिचा उपयोग झाला. आमच्याकडे डोंगर नव्हता, पण उपसा जोरात होता.

एका चिठ्ठीवर कुणीतरी नुसतंच 'विश्वास' असं लिहून ठेवलं होतं. एका तरुणानं ती 'सुरक्षा' या गटात लावली. एका बाईंनी ती काढून 'भावना'मध्ये लावली. तरुण म्हणाला, "मॅडम, विश्वास म्हणजे पासवर्ड." बाई म्हणाल्या, "तुमचं लग्न झालंय का?" यावर दोन तट पडले. स्टॅबिलायझर मध्ये पडले आणि दोन्ही गटांच्या मधोमध चिठ्ठी लावून त्यांनी चहाची घोषणा केली. चहाहून परत येतो तर चिठ्ठी गायब. एसीच्या झोतानं ती खाली पडली होती आणि कुणाच्या तरी बुटाच्या तळव्याला चिकटून बिस्किटांपर्यंत जाऊन आली होती. ज्यांच्या बुटाला ती सापडली, त्यांनी ती सोडवून ज्या गटात लावली त्याचं नाव होतं 'पायाभूत सुविधा'. अखेरच्या अहवालात ती तिथेच आहे.

या चिठ्ठीची जन्मकथाही मजेची आहे. 1968 साली अमेरिकेतल्या थ्रीएम कंपनीत स्पेन्सर सिल्व्हर नावाचा रसायनशास्त्रज्ञ जबरदस्त चिकटणारा डिंक बनवायला गेला आणि त्याच्या हातून कशाबशा चिकटणाऱ्या, सहज सुटणाऱ्या डिंकाची निर्मिती झाली. त्याचं करायचं काय, हे ठरून चिठ्ठ्या अमेरिकाभर विकायला यायला 1980 उजाडलं. त्याच 1968 साली, 9 डिसेंबरला, सॅन फ्रान्सिस्कोत डग्लस एंगलबार्टनं हजारेक लोकांसमोर 90 मिनिटांचं एक प्रात्यक्षिक केलं. माउस, पडद्यावरच्या खिडक्या, एका मजकुरातून दुसऱ्या मजकुरात उडी, दूरच्या सहकाऱ्याचा चेहरा पडद्यावर बघत दोघांनी मिळून एकाच मजकुरावर काम करणं, हे सगळं एका दुपारी. सहकारी बसले होते 48 किलोमीटरवर, मेनलो पार्कच्या प्रयोगशाळेत. आणि एवढ्या अचाट यंत्रावर गड्यानं करून काय दाखवलं, तर बाजारहाटाची यादी! सामानाची वर्गवारी लावून कुठून काय घेत घरी जायचं याचा नकाशाही त्यानं दाखवला. म्हणूनच तो माणूस मला खरा वाटतो. त्याच्यानंतरच्या बहुतेकांनी मानवजातीचं कल्याण दाखवलं. घरी जाताना काय आणायचं ते कुणी दाखवलं नाही.

एंगलबार्टचं म्हणणं होतं, की यंत्रानं माणसाची बुद्धी वाढवावी आणि त्यासाठी माणसानंही थोडे कष्ट घ्यावेत. उजव्या हातात माउस. डाव्या हाताखाली पाच पट्ट्यांचं एक यंत्र, पेटीवर स्वर धरावेत तशा पट्ट्या एकदम दाबून अक्षरं उमटवायची. शिकायला वेळ लागला तरी हरकत नाही, सायकल नाही का आपण शिकत, असं त्याला वाटे. जगानं काय केलं? माउस उचलला, पाच पट्ट्या तिथेच ठेवल्या आणि बुद्धी वाढवण्याचा विषय पुढच्या बैठकीवर ढकलला. माउसचं पेटंट 1970 चं. माउस घरोघर पोचेस्तोवर त्याची मुदत संपली, आणि एंगलबार्टला त्यातून रॉयल्टीचा एक डॉलरही मिळाला नाही. आता तर लॅपटॉप आणि फोनमुळे माउसच टेबलाच्या खणात जाऊन पडलाय. 1968 च्या त्या दोन अपत्यांपैकी धडधाकट उरलंय ते फसलेल्या डिंकाचं.

पण माझा खरा प्रश्न वेगळाच आहे. हे सगळं ज्याच्यासाठी चाललंय, तो कुठे असतो? कार्यशाळेत प्राध्यापक असतात, कंपन्यांची माणसं असतात, पीएचडीची पोरं असतात, फोटो काढणारा असतो. 'वापरकर्ता' मात्र नसतो. त्याच्या जागी एक कागद असतो, त्याला म्हणतात पर्सोना. ॲलन कूपर या अमेरिकन गृहस्थांनी 1999 साली आपल्या पुस्तकातून ही युक्ती लोकप्रिय केली. ढोबळ 'वापरकर्ता' डोळ्यांपुढे ठेवू नका. त्याला नाव द्या, वय द्या, सवयी द्या. युक्ती चांगलीच आहे. फक्त खऱ्या माणसांना भेटून मग तो कागद लिहायचा, अशी तिची अट आहे. ती अट कार्यशाळेच्या वेळापत्रकात बसत नाही.

आमच्या गटाच्या वाट्याला आलेल्या कागदावर लिहिलं होतं: रामभाऊ, वय 48, अल्पभूधारक शेतकरी, स्मार्टफोन वापरतो पण घाबरतो. सोबत फोटो. पांढराशुभ्र फेटा, मागे हिरवंगार शेत, हातात फोन आणि चेहऱ्यावर असं हसू, की दोन एकरांत एवढं हसू आणणारं पीक कोणतं हे विचारून घ्यावंसं वाटलं. मग रामभाऊचा दिवस रंगवायचा. गटातल्या मुलानं लिहायला घेतलं: 'सकाळी सहा वाजता रामभाऊ उठतो आणि ॲप उघडतो.' मी म्हटलं, अरे, आधी त्याला तोंड तरी धुऊ दे. म्हशीला कुणी बघायचं? मुलगा म्हणाला, "सर, म्हैस आपल्या स्कोपमध्ये नाही."

खरा रामभाऊ ॲप उघडतच नाही. त्याची दहावीतली पुतणी उघडते. पीक विम्याचा अर्ज ती भरते, ओटीपी ती वाचते, बँकेचा मेसेज वाचून 'काका, पैसे आले' हेही तीच सांगते. तिचा रिचार्ज संपला की रामभाऊ ऑफलाइन. ही काही माझी कल्पनाशक्ती नव्हे. बंगळुरूच्या झोपडपट्ट्यांत हिंडून काही संशोधकांनी हेच पाहिलं आणि 2010 च्या 'काय'मध्ये मांडलं. ज्याच्या नावावर यंत्र आहे तो आणि ते यंत्र, यांच्या मध्ये ते चालवणारा आणखी एक माणूस असतो. मुलगा, शेजारीण, नाहीतर कोपऱ्यावरचा रिचार्जवाला. संशोधन छापून आलं, लोकांनी वाचलं, वाखाणलं. पुढच्या कार्यशाळेत रामभाऊ पुन्हा सकाळी सहाला ॲप उघडायला एकटाच बसला.

यंत्राचं भविष्य सांगणं त्या मानानं सोपं. 1991 साली झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेतल्या मार्क वायझरनं लिहिलं, की संगणक छोटे होत होत भिंतीत, टेबलात, खिशात शिरतील आणि शेवटी ते आहेत हेच आपल्या ध्यानात राहणार नाही. छोटे झाले, खिशात शिरले, अगदी बरोबर. पुढे त्यानं अशा तंत्रज्ञानाला 'शांत' तंत्रज्ञान म्हटलं. इथे मात्र माणसानं घात केला. यंत्र लुप्त व्हायचं होतं. लुप्त झाला तो पंगतीत समोर बसलेला भाचा. पानातली जिलबी संपलीय हेही त्याला कळत नाही.

माणूस काय करील ते सांगता येत नाही, हे आपल्या देशानं तर वारंवार सिद्ध केलंय. फोन बोलण्यासाठी बनवला. आपण न बोलता, पैसे न खर्चता, नुसती घंटा वाजवून 'पोचलो' असं कळवण्याची रीत काढली. एक मिस्ड कॉल म्हणजे 'खाली उभा आहे', दोन म्हणजे 'किती वेळ?' 2018 साली बातमी आली, की भारतातले फोन भरून बंद का पडतात याचा गुगलच्या संशोधकांनी शोध घेतला. उत्तर सापडलं, 'सुप्रभात'. गुलाब, दवबिंदू, उगवता सूर्य आणि खाली सुविचार. मग हे सुविचार हुडकून पुसून टाकण्याची सोय त्यांना आपल्या ॲपमध्ये करावी लागली. जगातली उत्तमोत्तम डोकी एकत्र येऊन शेवटी आपल्या आत्यांच्या मागे झाडू घेऊन फिरताहेत, हे चित्र मला मनापासून आवडतं. आत्या काही थांबलेल्या नाहीत.

पवईच्या आयआयटीला मात्र या बाबतीत मान द्यायला हवा. 2017 च्या सप्टेंबरात 'इंटरॅक्ट' ही या विषयाची आंतरराष्ट्रीय परिषद तिथे भरली, हे एक झालं. पण तिथल्या आयडीसी या डिझाइन विभागानं केलेलं 'स्वरचक्र' मला जास्त मोलाचं वाटतं. फोनवर मराठी लिहायचं तर इंग्रजी पट्टीवर सगळी बाराखडी कोंबण्याऐवजी त्यांनी एक साधी गोष्ट केली. 'क' दाबून ठेवा, भोवती का, कि, की, कु असं चक्र उमलतं; हवं तिकडे बोट सरकवा. ज्यानं हे काढलं, त्याला शाळेतली बाराखडी आठवत होती. आता यावर आमच्या घरातल्या तरुण पिढीची प्रतिक्रिया विचाराल, तर ती 'काय' हे तीन रोमन अक्षरांत लिहून मोकळी होते. आणि ज्यांच्यासाठी चक्र फिरवलं, त्या आज्या फोन तोंडासमोर धरून थेट बोलतात. 'पुढच्या आठवड्यात येते, लोणच्याची बरणी रिकामी करून ठेव' हे वाक्य फोननं अचूक उतरवलं, तेव्हा आमच्या शेजारच्या काकू कुठल्याही परिषदेला न जाता भविष्यकाळात पोचल्या.

सध्या या कार्यशाळांतला लाडका विषय अर्थातच कृत्रिम बुद्धिमत्ता. 'यंत्राच्या निर्णयात माणसाला कुठे बसवायचं' यावर खल चालतो. घर ज्याचं, त्यालाच विशेष निमंत्रित म्हणून कोपऱ्यातली खुर्ची द्यायची की नाही, असा मामला. निमंत्रितांनी आधी टिपण पाठवायचं असतं. ते आता यंत्र लिहून देतं. आलेल्या टिपणांचा गोषवारा यंत्र काढतं. भिंतीवरच्या चिठ्ठ्यांचा फोटो टाकला की गटही यंत्रच पाडतं, आणि 'विश्वास' कुठल्या बुटाला चिकटला होता याची त्याला गंधवार्ता नसते. माणसाकडे राहिलं ते चहा, समूहछायाचित्र आणि प्रवासभत्त्याचं बिल. बिलाचा अर्ज मात्र अजून पेनानंच भरावा लागतो, तीन प्रतींत.

आमच्या भागातल्या रेशनच्या दुकानात अंगठ्याचं मशीन आहे. भांडी घासून आणि माती उपसून ज्यांच्या बोटांवरच्या रेघा गेल्या, त्यांचा अंगठा ते ओळखत नाही. परवा रांगेत माझ्या पुढच्या मावशींचं असंच चाललं होतं.

"थंब लागत नाय, मावशी. पदराला पुसा."

"पुसला की."

"मग दुसरं बोट द्या."

दुसरं दिलं, तिसरं दिलं. मागून एकीनं तेल लावायला सांगितलं, दुसरीनं तेल पुसायला. मग दुकानदार म्हणाला, रेंज गेली. तो मशीन घेऊन रस्त्यावर आला, हात वर करून आभाळाला दाखवू लागला आणि आम्ही अख्खी रांग, पिशव्यांसकट, नंबर न सोडता त्याच्या मागोमाग. मावशी हात तसाच पुढे धरून. "पस्तीस वर्षं येते रे मी इथं," त्या म्हणाल्या. "मला माहितीये ओ," तो म्हणाला, "ह्याला माहीत नाय." शेवटी डाव्या हाताचं मधलं बोट चाललं, चिठ्ठी निघाली आणि पाच किलो धान्य पिशवीत पडलं.

तेव्हा पुढच्या कार्यशाळेची निमंत्रणं काढणाऱ्यांना एक विनंती. हॉटेल ठरवा, चिठ्ठ्या आणा, उपकरणंही व्हा. पण एक सत्र रेशनच्या रांगेत ठेवा. शक्यतो महिन्याच्या पहिल्या आठवड्यात या, तेव्हा गर्दी असते आणि सर्व्हर बंद पडण्याची दाट शक्यता असते. म्हैस स्कोपमध्ये नसली तरी चालेल. फक्त मध्ये घुसू नका, शेवटी उभे राहा, आणि आपला नंबर आला की आधी स्वतःचा अंगठा लावून बघा.